डांबर दिसते, ऊन दिसत नाही

व्यवसायामुळे जडणाऱ्या रोगांची एक यादी आपल्या कायद्यांत आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे तिसरे परिशिष्ट उघडले, की तीत त्वचेच्या कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख सापडतो. मात्र तो डांबर, खनिज तेल किंवा तत्सम पदार्थांमुळे झालेला असला पाहिजे. या नोंदीची वंशावळ इंग्लंडपर्यंत जाते. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने धुराडी झाडणाऱ्यांच्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो १७७५ मध्ये. तेव्हापासूनचे ते शहाणपण आपल्याकडे आयते आले. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराच्या हाताला लागलेले डांबर त्यामुळे कायद्याला दिसते. त्याच्या पाठीवरचे ऊन दिसत नाही.

हे अज्ञानातून झाले असे म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्याच्या प्रारणांना १९९२ मध्येच निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवले. कातडी कृत्रिमरीत्या रापवून देणारी टॅनिंगची यंत्रे २००९ मध्ये त्याच गटात गेली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या दुर्लक्षाचे मूळ अन्यत्र दिसते. साहेबाला हिंदुस्थानचे ऊन फार दिसत होते. भेंडाची सोला टोपी, पाठीच्या कण्यावर बांधायची फलालिनीची गादी, १८६४ पासून उन्हाळी राजधानी झालेले सिमला, हा सगळा त्या भीतीचा पसारा. चार्ल्स वुड्रफ या अमेरिकी लष्करी डॉक्टरने १९०५ मध्ये उष्ण कटिबंधातील प्रकाशाचा गोऱ्या माणसांवर काय परिणाम होतो यावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यातले शास्त्र बरेचसे कालबाह्य झाले. पण त्या विचाराचा एक उत्तरार्ध होता: काळ्या कातडीला ऊन बाधत नाही. साहेब टोपी घेऊन गेला. हा उत्तरार्ध मागे राहिला.

तो पूर्णतः खोटा नाही, हीच खरी अडचण. मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण अडवते. म्हणूनच ऑस्ट्रेलियाला १९८१ पासून घरोघरी टोपी-सदऱ्याचा प्रचार करावा लागला, आणि आपल्याकडे मात्र एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा अत्यल्प आहे. शहरी भारतीयांत तर ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरताच सर्रास आढळते. तेव्हा प्रत्येकाने सनस्क्रीनची नळी विकत घ्यावी, असे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. सरासरीच्या आड कोण झाकले जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी राजस्थानातील एका जिल्ह्यात रोजगार हमीच्या तलावखोदाईची पाहणी करताना एक विशीतली मुलगी दिसली. पांढरे केस, मिटत जाणारे डोळे, ओढणीतून डोकावणारे फोडांनी भरलेले हात. जन्मतःच मेलॅनिन नसलेल्या अशा माणसांना उत्तरेत काही ठिकाणी ‘सूरजमुखी’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने क्रूर थट्टा केली आहे. तेथे ज्याला मेट म्हणतात, त्या मुकादमाने तिला खोदाईऐवजी झाडाखाली पाणी पाजण्याचे काम दिले होते. कोणत्याही परिपत्रकात नसलेली ती शहाणी सोय होती. एका वृद्धेने तक्रार केली, की हे काम वयोवृद्ध आणि अपंगांचे आहे. मुलीकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नव्हते. मंडळाने तिची दृष्टी मोजली होती आणि टक्के भरले नव्हते. तिच्या कातडीचा रकानाच अर्जात नव्हता. मी कागद पाहिले आणि वृद्धेच्या बाजूने निकाल दिला. नियमाने तो बरोबर होता. पुढच्या पंधरवड्याच्या हजेरीपटावर त्या मुलीचे नाव नव्हते.

अशा व्यक्तींना उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो, आणि तो तरुण वयातच गाठतो. तरीही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्यांना स्वतंत्र जागा नाही. मिळालीच तर अल्पदृष्टीच्या दारातून. त्यांना लागणारी सनस्क्रीन तर करांच्या वर्गवारीत ३३०४ या शीर्षाखाली, रंगभूषेच्या पंक्तीला बसली आहे, टॅनिंगच्या मलमांसह. तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ‘फेअर अँड लव्हली’ने १९७५ पासून बाजार मांडलेल्या आणि २०२० मध्ये केवळ नाव बदलून पुढे चाललेल्या या देशात ऊन म्हणजे रंग बिघडवणारी गोष्ट, एवढीच व्याख्या रूढ आहे. गोऱ्यांच्या देशांत पैसे मोजून कातडी रापवतात, आपण पैसे मोजून ती उजळू पाहतो. दोन्हीकडे गिऱ्हाईक सावलीत बसलेलेच असते.

उन्हात उभे असणाऱ्यांचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२३ मध्ये एकत्र मांडला. २०१९ या एका वर्षात जगभर १६० कोटी लोक उघड्यावर काम करताना अतिनील किरणांना सामोरे गेले, आणि मेलॅनोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांनी सुमारे १९ हजार जण अशा कामापायी दगावले. या प्रकारच्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांशाचे कारण हेच. जर्मनीने २०१५ पासून उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या एका कर्करोगाला व्यवसायजन्य रोग मानले आहे.

आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुनी यादी बहुतांशी तशीच उतरली. डांबर आहे, ऊन नाही. पुढे कायदा पुन्हा उघडावा लागेल, संसदेला वेळ नाही, अशी उत्तरे मी स्वतः नोकरीत अनेकदा लिहिली आहेत. येथे ती चालणार नाहीत. रोगांच्या यादीत भर घालणे असो वा दिव्यांगत्वाच्या प्रकारांत, दोन्हींसाठी केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते. सनस्क्रीनच्या कराचा प्रश्न जीएसटी परिषदेच्या एका बैठकीचा आहे.