घरांतील दोन भाषा

संस्कृत नाटक प्रथमच वाचणाऱ्या विद्यार्थ्यास एका गोष्टीचें नवल वाटतें. राजा दुष्यंत संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत बोलते. तरी दोघांस एकमेकांचें बोलणें कळतें, दुभाष्याची गरज पडत नाहीं. हें कसें, असें वर्गांत दरवर्षीं कोणी ना कोणी विचारी, आणि "तसा नाट्यसंकेत आहे" एवढें सांगून मी पुढील श्लोकाकडे वळत असें. आतां वाटतें कीं, तो प्रश्न इतक्या सहज मिटविण्यासारखा नव्हता.

पुरुषांची भाषा संस्कृत व स्त्रियांची प्राकृत, अशी ही वांटणी प्रथमदर्शनीं दिसते. पण जरा बारकाईनें पाहावें. त्याच शाकुंतलांतील विदूषक ब्राह्मण असूनहि प्राकृतच बोलतो. कोळी व शिपाईहि तसेच. उलट भवभूतीच्या मालतीमाधवांतील कामंदकी ही परिव्राजिका, स्त्री असून संस्कृत बोलते. म्हणजे भाषा केवळ स्त्रीपुरुषभेदानें ठरत नाहीं. मान, अधिकार आणि विद्या यांवरूनहि ठरते.

आपल्या घरांतहि असेंच नाहीं का? आपल्या आज्या पतीचें नांव उच्चारीत नसत. "इकडून", "तिकडची स्वारी" अशा शब्दांवर सारा संसार चाले, आणि नांव घ्यावयाचें तें उखाण्यांत. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख "स्वतः" या शब्दानें केला आहे. पंचवीस वर्षांच्या आंतच, १९३४ पासून निघूं लागलेल्या स्मृतिचित्रांत लक्ष्मीबाई मोकळेपणानें "टिळक" असें लिहितात. एवढ्या अवधींत स्त्रीस्वभाव बदलत नाहीं, रीत बदलते. कोल्हापुराकडील मुली "मी आलो, मी गेलो" असें म्हणतात, म्हणून त्यांचें स्त्रीत्व कांहीं उणें होत नाहीं.

स्त्रिया आडवळणानें बोलतात, अशी पुरुषांची नेहमींची तक्रार असते. "साखर संपत आली वाटतं," असें सून म्हणते, तेव्हां ती माहिती नसून विनंती असते. तीच पुढें सासू झाली म्हणजे "साखर आणा" असें सरळ सांगते. इकडे कचेरींत साहेबापुढें उभा असलेला कारकूनहि "उद्यां घरीं जरा कार्य आहे" एवढेंच म्हणून थांबतो. ज्याला नकाराची भीति, तो आडवळण घेतो, मग तो पुरुष असो वा स्त्री.

हें शहाणपण मला पुस्तकांतून आलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझी पत्नी एकदां म्हणाली, "हल्लीं जिना फार उंच वाटतो." मीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां उत्तर दिलें, "सावकाश चढत जा." महिनाभरानें पुन्हां तेंच वाक्य, आणि पुन्हां तेंच उत्तर. अखेर एका रात्रीं तिला रुग्णालयांत न्यावें लागलें. "दम केव्हांपासून लागतो?" असें डॉक्टरांनीं विचारलें. मी म्हणालों, "आजच." ती क्षीण आवाजांत म्हणाली, "दोनदां सांगितलं होतं." त्या शब्दांत तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. ईश्वरकृपेनें ती आज बरी आहे. पण "गंगेवर वस्ती" म्हणजे गंगेच्या तीरावर वस्ती, हें शेंकडों मुलांस समजाविणाऱ्या मला घरांतल्या एका साध्या वाक्याचा व्यंग्यार्थ लागला नाहीं, हें शल्य राहिलेंच.

यांतून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. प्रकृति, पैसा आणि मुलांचें शिक्षण, या विषयांत तरी भगिनींनीं आडपडदा न ठेवतां स्पष्ट सांगावें. परंतु तसें सांगणें घडावें कसें? सुनेचा स्पष्ट शब्द उद्धटपणांत जमा होणार नाहीं, एवढी हमी घरांतील वडील मंडळींनीं आधीं दिली पाहिजे. आणि पुरुषांनीं उत्तर देण्याची घाई सोडून "म्हणजे नेमकें काय होतें?" एवढा एकच प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी.

दुष्यंताला शकुंतलेचें प्राकृत समजत होतें. त्यानें तिला ओळखलें नाहीं, तें दुर्वासाच्या शापामुळें. आपल्याला तर ती सबबहि नाहीं.