जास्तीच्या तांदळाचा हिशेब

बाराव्या शतकातल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून घर चालवत. परंपरा सांगते, एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते चुलीवर चढवलेच नाहीत. ही हाव आली कुठून, असं विचारून त्यांनी जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला लावलं. हा प्रश्न त्यांच्या वचनांतही आहे.

मंठाळ हे याच बसवकल्याण तालुक्यातलं गाव. इथल्या मराठी घरांत वह्यांना तोटा नाही. उधारीची वही आहे, बचत गटाचं पासबुक आहे, मजुरांच्या उचलीची नोंद आहे. पैशाचा हिशेब चोख, वागण्याचा मात्र कुठेच नाही. रोजनिशी लिहिणं हे शहरातल्या, फुरसतीच्या लोकांचं काम, ही समजूत पक्की आहे.

ती खोडून काढायला लांब जावं लागत नाही. वचनकार बसवण्णा कल्याणचा राजा बिज्जळ याच्या दरबारात भांडारी होते. अंबिगर चौडय्या नाव चालवत, मडिवाळ माचय्या धुणी धूत, नुलिय चंदय्या दोर वळत. या कष्टकऱ्यांनी बोलीभाषेतल्या थोडक्या ओळींत वचनं रचली आणि शेवटी सहीसारखी आपापली मुद्रा घातली. बहुतेकांची मुद्रा इष्टदेवाच्या नावाची. चौडय्यांनी स्वतःचंच नाव घातलं. वचन ही काही रोजनिशी नव्हे, ते चारचौघांसाठी होतं. पण देवाशी बोलता बोलता स्वतःचीच झडती घ्यायची सवय त्यात जागोजागी दिसते. पुढे घराघरांत पडून राहिलेली ताडपत्रं विजयपूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गोळा केली आणि १९२३मध्ये ‘वचनशास्त्रसार’ छापून आणलं.

लिहिण्याचा फायदा होतो का, याची तपासणी आधुनिक मानसशास्त्रानेही केली आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं होतं. काहींनी साधे विषय घेतले, काहींनी आयुष्यातले कडू प्रसंग. लिहून झाल्या झाल्या दुसऱ्या गटाचं मन उलट जड झालं. मात्र ज्यांनी प्रसंगही लिहिला आणि तेव्हाच्या भावनाही, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. पेनेबेकर यांच्या नंतरच्या कामात आणखी एक गोष्ट पुढे आली. दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळलं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला.

म्हणजे तेच दुःख रोज उगाळून भागत नाही. ‘भावाशी भांडण झालं, फार वाईट वाटलं’ एवढ्यावर वही मिटली, तर राग तसाच मुरतो. ‘बांधावरून भांडण झालं. त्याने चूक दाखवली तेव्हा पाहुणे बसलेले होते, म्हणून आवाज चढला,’ असं लिहिणाऱ्याला आपल्या रागाचं मूळ सापडायला लागतं. लक्कम्मांनीही तांदूळ किती, यापेक्षा ते का आणले हे आधी विचारलं.

अडचण वेगळीच आहे. एकत्र कुटुंबात सुनेची वही कोण उघडेल याचा भरवसा नसतो. शाळेत रोजनिशी लिहायला लावली, तर गुरुजी लाल शाईने शुद्धलेखन तपासतात आणि मूल त्यांना आवडेल तेच लिहायला शिकतं. कुणी वाचणार या धास्तीत खरं उतरत नाही. ज्याला वहीच सांभाळता येत नाही त्याने लिहून पान फाडून टाकलं तरी चालेल. लिहिताना झालेला विचार पानाबरोबर जात नाही.

हे वचनकार जिथे चर्चेला जमत, त्या अनुभव मंटपाच्या नव्या वास्तूची बसवकल्याणात जानेवारी २०२१मध्ये पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ५०० कोटी रुपयांचा होता. स्मारक व्हावंच. पण त्या वारशातलं एक काम याच तालुक्यातल्या शाळांना जवळजवळ फुकटात करता येईल. आठवड्यातून एकदा शेवटचा पाव तास मुलांना लिहायला द्यावा. भाषा मुलाने निवडावी: मराठी, कन्नड, दखनी, जी घरात बोलली जाते ती. वही मुलाच्याच दप्तरात राहावी, गुण नसावेत, तपासणी नसावी. आणि त्या पाव तासात गुरुजींनीही आपली वही उघडून बसावं.