पाय कुठे टेकायचे?

माणसाला पाण्याचे भय वाटते, असे आपण म्हणतो. मला ते पटत नाही. आपल्याला भय वाटते ते पायांखाली जमीन नसण्याचे. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत ‘स्वतःच्या पायांवर उभा राहा’ हा मंत्र मुंजीआधीच कानी पडतो. मग पाण्यात पालथे पडून दोन्ही पाय मोकळे सोडायचे, म्हणजे केवढे संकट!

हा विचार मला अंदमानात सुचला. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघे स्वराज द्वीपावर गेलो होतो. २०१८ पर्यंत याच बेटाला हॅवलॉक म्हणत. नोव्हेंबरात तेथे पाचाच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ आपले, पण आकाश ब्रह्मदेशाच्या शेजारचे! तेव्हा समुद्राची सारी हौस सकाळीच भागवावी लागते.

एलिफंट बीचवर होडीतून उतरले, की आपण जणू जत्रेतच येऊन पडतो. कोणी पाण्यावरची फटफटी दाखवतो, कोणी केळ्याच्या आकाराच्या फुगीर नावेवर बसा म्हणतो. ही नाव चारपाच जणांना वेगाने ओढत नेते आणि शेवटी मुद्दाम कलंडते. पैसे मोजून पडण्याचा हा आनंद आमच्या चिरंजीवांनी दोनदा घेतला. सौभाग्यवतींनी काचेच्या तळाची नाव पसंत केली. कन्येने आणि मी स्नॉर्केलिंग निवडले. या प्रकाराला मराठी शब्द नाही आणि मी तो घडवणारही नाही. भाषेचा अध्यापक झालो म्हणून प्रत्येक नळीचे बारसे करण्याचा मक्ता मी घेतलेला नाही. डोळे नि नाक झाकणारी काच, तोंडात नळी आणि अंगात नारिंगी जाकीट. आपल्याकडे पाठीला सुका भोपळा बांधून मुलांना विहिरीत सोडत, त्या भोपळ्याचाच हा सुधारलेला अवतार!

पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना १९५० नंतरच्या दशकात या बेटावर वसवले. आमचा वाटाड्या त्यांच्यापैकीच एकाचा नातू, विशीतला पोर. त्याने एकच सूचना तीनदा दिली, “दादा, पैर नीचे नहीं. नीचे सब ज़िंदा है.”

मान पाण्यात घातली आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ दिसला. आपण अंगठीत पोवळे घालतो, ग्रहासाठी म्हणून सोनाराशी घासाघीसही करतो. पण ते एका जिवाचे घर आहे, हे किती जणांच्या ध्यानी असते? इवलेसे असंख्य जीव चुन्याचा सांगाडा रचत जातात, आणि त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्यांना भरवते. भाडेकरूने मालकाला पोसावे, असा हा संसार! पाणी फार तापले, की ही जोडी फुटते. शेवाळ निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. १९९८ आणि २०१० साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडले. त्यातून पुष्कळशी पोवळी पुन्हा सावरली नाहीत.

खाली कमरेएवढा उंच एक गोल दगड होता. दगड म्हणजे पोवळेच. अशी गोलसर पोवळी वर्षाकाठी सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतात. म्हणजे याने शंभरी केव्हाच गाठली असणार. १९११ साली सावरकरांना सेल्युलर जेलमध्ये आणले, त्या सुमारास हा जेमतेम मुठीएवढा असेल! एक पोपटमासा त्याला कराकरा कुरतडत होता. हा मासा सांगाड्याचा चुरा गिळतो आणि पांढरी वाळू करून बाहेर टाकतो. ज्या किनाऱ्यावर आपण कौतुकाने फोटो काढतो, त्या वाळूचा उगम सभ्य मंडळींत सांगण्याजोगा नाही.

एवढ्यात शेजारच्या तुकडीतल्या एका गृहस्थांच्या नळीत पाणी शिरले. ते घाबरले आणि बिचाऱ्यांनी शोधली ती जमीनच. फांद्याफांद्यांच्या पोवळ्यावर ते दोन्ही पायांनी उभे राहिले. पाण्याखाली ‘कट्’ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आमचा पोर ओरडत धावला. गृहस्थांची पोटरी खरचटली, तिला त्याने औषध लावले. मोडलेल्या फांदीला काय लावणार?

मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. जीव गुदमरला की कोण कुठे पाय ठेवतो हे पाहत नाही. राग आला तो आपल्या तयारीच्या तऱ्हेचा. अंदमानला निघताना आपण चिवडा घेतो, दोन टोप्या घेतो, विमानाची खिडकी मागून घेतो. पण पाण्यावर पाच मिनिटे स्वस्थ तरंगायला कोणी शिकत नाही. पालिकेच्या तलावात थोड्याच दिवसांत जमणारी ही गोष्ट! ज्याला तरंगता येते, त्याला नळीत पाणी शिरले तरी जमीन आठवत नाही. तो नुसती मान वर काढतो, नळी रिकामी करतो आणि पुन्हा पाहू लागतो.

परत आल्यावर कन्येने तलावात नाव घातले. तिच्या पाठोपाठ सौभाग्यवतींनीही! बायकांची वेळ दुपारी अडीचची आहे, आणि त्यामुळे चारचा चहा हल्ली माझ्याकडे आला आहे.