तेराव्यानंतर शाळेत परतणारं मूल

घरात आई किंवा वडील वारले की मूल साधारण दोन आठवडे शाळेत दिसत नाही. तेरावं उरकतं आणि चौदाव्या-पंधराव्या दिवशी ते दप्तर घेऊन फाटकात उभं राहतं. मुलगा असेल आणि अग्नी त्यानंच दिला असेल तर डोक्याचं मुंडण झालेलं असतं. मग कोणाला काही सांगायचीही गरज उरत नाही, अख्ख्या शाळेला फाटकातूनच कळतं. वर्गात बाईंनी आदल्या दिवशीच बजावून ठेवलेलं असतं, "त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही हं." मुलं शहाण्यासारखी ऐकतात. मूल बाकावर जाऊन बसतं, शेजारचा किंचित सरकून बसतो, आणि बाई फळ्यावर तारीख लिहितात.

हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्या शाळांमधली सगळ्यात जास्त त्रास देणारी सवय हीच आहे. विषय न काढल्यानं मुलाला आठवण येत नाही, हा आपला गैरसमज. त्याला आठवण यायला आपल्या बोलण्याची गरज नसते, ती चोवीस तास असतेच. आपल्या गप्प बसण्यातून त्याला कळतं ते एवढंच, की घरात जे झालं ते बोलण्यासारखं नाही. काही मुलांना वाटतं, कोणाला काही पडलेलं नाही. काहींना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय, म्हणून सगळे असे बघतात.

मग काय बोलायचं? फार काही नाही. वर्गशिक्षकांनी मूल वर्गात जाण्याआधी त्याला एकट्याला गाठावं आणि सांगावं, "तुझे बाबा वारले, मला समजलं. मला फार वाईट वाटलं. वर्गात कधी रडू आलं किंवा बाहेर जावंसं वाटलं तर मला नुसती खूण कर, विचारायची गरज नाही." आणि मग त्यालाच विचारावं, "वर्गातल्या मुलांना काय सांगू?" काही मुलं म्हणतात सांगा, काही म्हणतात मीच सांगेन, काही म्हणतात काही नको. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. एका वर्गात साठ मुलं, त्यात जनगणना, निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, "डॉक्टर, आम्ही हे कधी करायचं?" असं शिक्षक विचारतात आणि त्यांचं चूक नाही. म्हणूनच मी दोन मिनिटांचं सांगतो आहे.

शब्दांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरी आणि शाळेत दोन्हीकडे इथेच घोटाळा होतो. लहान मुलाला आपण सांगतो, "आई देवाघरी गेली," "आजोबा झोपलेत," "बाबा लांब गावाला गेलेत." चार-पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी देवाघर हे एक ठिकाण असतं. तिथून परत येता येत असणार, मग आई येत का नाही? माझ्यावर रागावली का? "झोपलेत" सांगितलेली मुलं रात्री झोपायला घाबरतात. मृत्यू म्हणजे शरीर कायमचं थांबणं, आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि माणूस परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास हळूहळू उमगायला लागतं. तोवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांना प्रत्येक वेळी तेच साधं, खरं उत्तर द्यायचं. देव, स्वर्ग, पुनर्जन्म यांविषयी घरात जी श्रद्धा असेल ती जरूर सांगा, पण "वारली" हा शब्द आधी येऊ द्या.

आणखी एक गोष्ट मुलं कोणाला सांगत नाहीत. "मी आदल्या दिवशी हट्ट केला होता." "मी मनात म्हटलं होतं, बाबा घरी नसतेच तर बरं झालं असतं." प्राथमिक शाळेच्या वयात आपल्या मनातल्या विचारानं बाहेर काहीतरी घडतं असं मुलांना खरंच वाटत असतं. म्हणून मुलानं विचारलं नाही तरी कोणीतरी मोठ्यानं सांगायला हवं, "हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तुझ्या रागावण्यानं कोणी मरत नाही."

मुलांचं दुःख मोठ्यांसारखं दिसत नाही, ही पालकांची मोठी अडचण. मोठा माणूस दिवसच्या दिवस दुःखात बुडून असतो. मूल रडतं, मग दहा मिनिटांनी गल्लीत क्रिकेट खेळतं, रात्री पुन्हा आईची साडी घेऊन झोपतं. मावशा-आत्या म्हणतात, "त्याला अजून काही कळत नाही." कळतं. त्याला जेवढं पेलवतं तेवढंच ते एका वेळी उचलतं, बाकी बाजूला ठेवतं. खेळणं हा दुःखाचा अभाव नव्हे, तो त्याचा विसावा असतो.

शाळेत हे दुःख निराळ्याच रूपांत हजर होतं. पहिल्या तासाला पोट दुखतं, डोकं दुखतं. दवाखान्यात अशी मुलं सोनोग्राफीचे दोन-दोन रिपोर्ट घेऊन येतात, सगळे नॉर्मल. दुखणं खोटं नसतं, हे पालकांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घ्यावं. ताणानं आतड्यांची हालचाल आणि संवेदना खरोखर बदलते. काही मुलं मारामाऱ्या करायला लागतात. काही पुन्हा अंथरूण ओलं करतात. काही इतकी गुणी होतात की सगळे कौतुक करतात, आणि माझ्या मते यांच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. गणिताचे गुण घसरतात, कारण झोप नीट होत नाही आणि डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टी धरून ठेवायची ताकद कमी पडते, हातचा विसरतो. अशा वेळी "बापाच्या जिवाला बरं वाटेल असं वाग जरा" हे वाक्य ऐकवलं जातं. कृपया हे कोणी म्हणू नका. आणि "आता तूच घरातला कर्ता पुरुष" हेही नको. नऊ वर्षांचं पोर कर्ता पुरुष नसतं. मुलींना हे थेट म्हणत नाहीत, त्यांना फक्त स्वयंपाकाला आणि धाकट्या भावाला जुंपतात, आणि मग शाळेची हजेरी कमी होते.

आता शोक आणि मानसिक आघात यांतला फरक. आजोबा वार्धक्यानं गेले, हा शोक. अपघात डोळ्यांसमोर पाहिला, पुरात घर गेलं, कोणाला लटकलेलं पाहिलं, हा आघात. त्यात जवळचं माणूसही गेलं असेल तर दोन्ही एकत्र. आघात झालेल्या मुलाला तो प्रसंग आठवतो असं म्हणणं पुरेसं नाही, तो त्याच्यावर चालून येतो. बाक सरकल्याचा आवाज झाला तरी ते दचकतं, दाराजवळची जागा मागतं, त्या रस्त्यानं जायचं टाळतं, चित्रात तेच तेच काढतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतली काही मुलं वाचली ती आश्रमशाळेत मुक्कामी होती म्हणून. म्हणजे ज्या शाळेनं जीव वाचवला तिथेच त्यांना घरची बातमी कळणार होती. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोधकार्य थांबवावं लागलं. देह न पाहता, अंत्यसंस्कार न होता माणूस गेला हे मोठ्यांनाही पटत नाही. मुलाला कसं पटावं? अशा मुलाला "आता आशा सोड" असा धोशा लावून काही होत नाही. त्याला खरी माहिती द्यायची, किती दिवस शोधलं, का थांबवलं हे सांगायचं, आणि निरोप देण्याचा काहीतरी विधी त्याच्यासोबत करायचा. आणि पुढच्या जुलैत रात्रभर पाऊस लागला की त्याच्या वसतिगृहात कोणीतरी मोठं माणूस जागं असायला हवं.

अशा घटनेनंतर एक दिवसाची समुपदेशन शिबिरं भरतात. गाडीतून लोक येतात, मुलांना गोल बसवतात आणि "काय झालं ते सविस्तर सांगा" म्हणतात. हे करू नये. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. त्याऐवजी ज्याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात ते करावं: मूल सुरक्षित आहे का, खाल्लं-प्यायलं का ते पाहा, त्याला बोलायचं असेल तेवढंच ऐका, आणि त्याच्या माणसांशी व लागेल त्या मदतीशी त्याला जोडून द्या. शाळा लवकर सुरू करणं हेही औषधच. रोजची घंटा, प्रार्थना, मधली सुट्टी, तीच बाई, तोच मित्र. ज्याचं सगळं कोसळलंय त्याला उद्या काय होणार हे माहीत असणं फार आधार देतं.

ज्यांना यापलीकडे उपचार लागतात त्यांच्यासाठीही शाळा ही चांगली जागा आहे. लॉस एंजलिसच्या शाळांमध्ये हिंसाचार अनुभवलेल्या सहावीच्या १२६ मुलांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. शाळेतच प्रशिक्षित लोकांनी छोट्या गटांत दहा बैठका घेतल्या. ज्यांना हा उपचार लगेच मिळाला त्यांची लक्षणं तीन महिन्यांनी, वाट पाहणाऱ्या मुलांपेक्षा बरीच कमी झालेली होती. मात्र हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. शिक्षकानं उपचारक व्हायचा प्रयत्न करू नये, शिक्षक म्हणून राहावं, तेच मोठं आहे.

आत्महत्येविषयी वेगळं बोलतो, कारण विदर्भ-मराठवाड्यात हे अनेक वर्गांतलं वास्तव आहे. घरचे मुलाला सांगतात, "बाबांना हार्ट अटॅक आला." गावाला खरं माहीत असतं, आणि मुलाला ते मधल्या सुट्टीत भांडणात कळतं. एकाच वेळी दोन घाव: बाप गेला, आणि घरचे खोटं बोलले. वयाला झेपेल एवढं खरं सांगा: "बाबांचं मन खूप आजारी झालं होतं, त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही, त्यांनी स्वतःचा जीव घेतला. मदत घेतली तर असं मन बरं होऊ शकतं." कसा घेतला याचं वर्णन नको. शाळेनंही त्यावर भाषण करू नये. आणि मदतीच्या धनादेशासह त्या मुलाचा व्यासपीठावर फोटो काढायचा प्रकार तर बंदच व्हावा. मदत घरी नेऊन देता येते.

मराठीच्या तासाला 'माझी आई' हा निबंध येणारच. यशवंतांची 'आई' ही कविताही कधीतरी शिकवली जाणार. ती गाळा असं मी म्हणणार नाही. आदल्या दिवशी मुलाला एवढं विचारा, "उद्या हा निबंध आहे, तुला लिहायचाय की दुसरा विषय देऊ?" पुष्कळ मुलांना लिहायचंच असतं, आणि ती चार पानं लिहितात. पालकसभेला काका किंवा आजी आली तर वर्गासमोर "आई-वडील का नाही आले?" हा प्रश्न टाळता येतो. वर्गातलंच एखादं मूल गेलं असेल तर त्याचा बाक रातोरात हलवू नका. तो कधी आणि कुठे हलवायचा हे वर्गाला ठरवू द्या.

पालकांसाठी दोन गोष्टी. अंत्यदर्शन घ्यायचं का हे मुलाला विचारा. काय दिसेल ते आधी सांगा, सोबत एक माणूस द्या, आणि नको म्हटलं तर आग्रह नको. तेराव्याची वाटही पाहायलाच हवी असं नाही. मूल आठव्या दिवशी शाळेत जातो म्हणालं तर पाठवा, अर्धा दिवस पाठवा, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

बहुतेक मुलांना मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. पण आघातानंतर महिना उलटूनही दचकणं, दुःस्वप्नं, टाळाटाळ चालूच असेल, किंवा सहा महिन्यांनीही शोकाची धार तसूभर कमी न होता मूल खेळ, मित्र, अभ्यास सगळ्यांतून बाहेर पडलं असेल तर तज्ज्ञांना दाखवा. "मला आईकडे जायचंय" हे लहान मुलाचं वाक्य बहुतेकदा आठवणीचं असतं, तरी "जायचंय म्हणजे कसं?" हे शांतपणे विचाराच. मरण्याचा विचार बोलून दाखवला, तर त्याच दिवशी मदत घ्या, मुलाला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मूल बेवारस किंवा असुरक्षित असेल तर १०९८. पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. हे कित्येक आजी-आजोबांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि वर्गशिक्षकांनी त्या मुलासमोर एक तारीख लिहून ठेवावी, ज्या दिवशी माणूस गेलं ती. वर्षश्राद्धाच्या आसपास, दिवाळीत, त्या माणसाच्या वाढदिवसाला मूल पुन्हा ढेपाळतं आणि कोणालाच कारण कळत नाही. जूनमध्ये वर्ग बदलतो, बाई बदलतात, आणि नव्या बाई पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारतात, "वडील काय करतात?" ती तारीख जूनच्या आधी नव्या बाईंच्या हाती जायला हवी.