नवीन घ्या की, साहेब!

ज्या देशात लग्नात आलेला प्रेशर कुकर दोन-दोन पिढ्या शिट्ट्या मारत असे, त्या देशात 'नवीन घ्या की, साहेब' हे चार शब्द इतक्या सहज उच्चारले जावेत, याचा मी जाहीर निषेध करतो. निषेध एकट्याचाच आहे. आमच्या युनियनने त्याला पाठिंबा दिलेला नाही. कारण मूळ तक्रार मासे पकडायच्या रिळाची आहे आणि मी राहतो जामखेडला.

जामखेड आणि मासेमारी हे शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतो. गावातून विंचरणा नदी वाहते, असं म्हणायची आपली एक पद्धत आहे. प्रत्यक्षात ती वर्षातले बरेच महिने वाहण्याचा नुसता विचार करत असते. पण शेजारच्या कर्जत तालुक्याच्या टोकाला उजनी धरणाचा फुगवटा लागतो, तिथं चिलापी मुबलक आहे आणि रविवारी बँक बंद असते. शौकाला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

आता रिळाविषयी. हँडल फिरवलं की तारेची एक कमान स्पूलभोवती गरगर फिरते आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळत जाते. कमान आपली जागा सोडत नाही. स्पूलच मधल्या दांडीवर पुढे-मागे सरकत राहतं, म्हणून दोरा एकाच जागी न साचता सगळीकडे सारखा बसतो. गळ फेकला की हाच दोरा स्थिर स्पूलच्या टोकावरून वेढ्यावेढ्यानं सरसर सुटतो. 1905 साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचं पेटंट घेतलं. गृहस्थ कापडधंद्यातले. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

माझं रीळ सहा वर्षं गुणी मुलासारखं वागलं. मग एका रविवारी मी ते खोलून साफ केलं, आणि त्यानंतर दोरा पुढच्या काठाशी साचू लागला. पुढं ढीग, मागं खड्डा. आमच्या शाखेतल्या कामाच्या वाटणीसारखं. ढीग पुढं असला की फेकताना एक वेढा सुटायच्या जागी दहा एकदम सुटतात आणि हवेतच सुगरणीचं घरटं तयार होतं. एक अख्खा रविवार मी ते घरटं सोडवण्यात घालवला. चिलापी वर येऊन बघून जात होत्या.

मग तज्ज्ञांचे सल्ले सुरू झाले. पुण्यातल्या एका दुकानात रीळ घेऊन गेलो. काउंटरवरच्या तरुणानं हँडल एकदा फिरवलं आणि म्हणाला, "गिअर गेलाय. नवीन घ्या की, साहेब." मेहुण्यानं रीळ न बघताच तेच सांगितलं. चिरंजीवांनी तर मोबाईल काढून ऑर्डर द्यायला अंगठा उचललाच होता. "बाबा, उद्या घरी येईल. फक्त अडीच हजार."

माझा आक्षेप अडीच हजारांना नाही. (आहे, पण तो दुसरा.) आक्षेप हा की तिघांपैकी एकानंही स्पूल काढून खाली काय आहे ते पाहिलं नाही. डॉक्टर निदान जीभ तरी बाहेर काढायला सांगतो!

रिळाचं निदान झालं ते शिंप्याच्या दुकानात. गेलो होतो पँटची कंबर सैल करायला. गेल्या दहा वर्षांत माझी कंबर चार वेळा वाढली, पण मामा एकदाही 'नवीन पँट घ्या' म्हणाले नाहीत. रीळ पिशवीत होतं. त्यांनी ते हातात घेतलं, हँडल सावकाश दहा वेळा फिरवलं आणि दोऱ्याकडे बघत राहिले. मासेमारीचं रीळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"सायेब, दोरा फुडं चढतोय. म्हंजी रीळ मागं बसलंय."

"म्हणजे?"

"आमच्या बॉबीनचंबी आसंच हुतं. दोरा एका अंगाला चढाया लागला की दोऱ्याची चकती जरा वरखाली करायची. तुमची कमान तर हलत न्हाई. मग रीळच उचला की फुडं. बुडाला चकती घाला एक."

इलिंगवर्थसाहेबांचा आत्मा ब्रॅडफर्डमध्ये नक्की सुखावला असेल. शेवटी हा सगळा मामला सुताच्या रिळाचा.

घरी आलो. जुन्या पासबुकाचं प्लास्टिकचं कव्हर घेतलं, पंचिंग मशीननं भोक पाडलं आणि भोकाभोवती कात्रीनं गोल कापलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत पंचिंग मशीनचा माझ्या हातून झालेला हा पहिला उत्पादक उपयोग. स्पूल काढून एक चकती दांडीवर घातली. ढीग कमी झाला. दुसरी घातली, दोरा सपाट. लोभानं तिसरी घातली, तर ढीग मागच्या बाजूला गेला. ती काढली. सगळं शास्त्र एवढंच: दोरा पुढं साचला तर चकती घाला, मागं साचला तर काढा. भरताना दोरा ओल्या फडक्यातून ताणून घ्या आणि काठाच्या दोन मिलिमीटर आधी थांबा. खर्च दोन कप चहा.

संध्याकाळी आमची ही बटणांचा डबा घेऊन आली. "ही चकती तुमची का हो? मागं झाडताना सापडली होती." म्हणजे रिळाचा दोष नव्हता, गिअरचा नव्हता आणि दोऱ्याचाही नव्हता. दोष रविवारी रीळ खोलणाऱ्या वाणिज्य पदवीधराचा होता. नवीन रीळ आणलं असतं तर हा दोष घरात तसाच राहिला असता, आणि पुढच्या साफसफाईत त्याचीही चकती डब्यात गेली असती.

कोणी म्हणेल, अहो, वेळेचीही किंमत असते. असते ना! पण वाचवलेल्या वेळात आपण काय करतो? मोबाईलवर आणखी काय नवीन घ्यावं ते बघतो. कोणी म्हणेल, गिअर खरंच झिजला असेल तर? तर बदला. दोरा मधोमध उंचवटा करत असेल तर चकतीनं काही व्हायचं नाही, आतली सरकयंत्रणा बघावी लागेल. पण 'बघावी' लागेल! माझं भांडण न बघता मृत्यूचा दाखला देणाऱ्यांशी आहे. केंद्र सरकारनं 2022 साली 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचं पोर्टल काढलं. छान झालं. पण हक्क पोर्टलवर मिळाला तरी दुरुस्ती करणारा हात गल्लीतच शोधावा लागतो, आणि त्या हाताला आपण अडाणी समजतो.

जामखेडमध्ये तरी असं समजू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं 1970 साली इथंच काम सुरू केलं आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आपापल्या गावच्या आरोग्यसेविका बनवलं. त्याची दखल 1979 साली मॅगसेसे पुरस्कारानं घेतली. कागदावर शिक्षण नसलं तरी माणसाला निदान करता येतं, हे या गावानं जगाला शिकवलं. फक्त बँकेत ते पोचायचं राहिलं.

बँकेत म्हणजे माझ्या टेबलावर. मामांचा कर्जाचा अर्ज महिनाभर तिथं पडून होता. मशीनला मोटर आणि एक इंटरलॉक यंत्र. टिपण मीच लिहिलं होतं: 'रेडिमेडच्या काळात या व्यवसायास भवितव्य दिसत नाही.' अर्जदाराच्या दुकानात पाय न ठेवता लिहिलं होतं. 'नवीन घ्या की, साहेब' याचंच हे बँकेच्या भाषेतलं भाषांतर. पुण्याच्या त्या पोरानं निदान हँडल तरी फिरवलं होतं.

सोमवारी मी ते वाक्य खोडलं. दुकानात जाऊन आठवड्याला किती कपडे येतात ते मोजलं आणि आकड्यांसह नवं टिपण लिहिलं. शेवटी घातलं, 'अर्जदारास दोष नेमका कुठे आहे हे ओळखता येते.' मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कुठल्या कॉलममध्ये बसतं?" कॉलम नाहीये. फाइल अजून वरच आहे.

पुढच्या रविवारी उजनीवर दोरा रेशमासारखा सुटला. मासा लागला नाही, पण तो दोष चकतीचा नव्हे. परतताना पँट घ्यायला थांबलो. मामांनी शिलाईचे पैसे घेतले. रिळाचे देऊ लागलो तर हात मागं घेतला.

"त्याचं कशाला, सायेब? चकती तुमचीच हुती की."