बहिणींचा सिनेमा आणि संसारातले न सुटलेले प्रश्न

मीरा-भाईंदर, प्रतिनिधी – मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा मध्यमवयीन बहिणींची कथा तिकीटबारीवर चालेल, असे भाकीत २०२३ च्या जूनमध्ये कोणी केले असते तर ते हसण्यावारी गेले असते. केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ ३० जूनला प्रदर्शित झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने बारा कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. ‘सैराट’नंतर सर्वाधिक कमाई करणाऱ्या मराठी चित्रपटांच्या यादीत तो वरच्या स्थानी जाऊन बसला. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने श्रावण दोन महिन्यांचा होता. नऊवारी नेसून, नथ घालून चित्रपटगृहात येणाऱ्या महिलांचे गट हे या यशाचे सर्वांत ठळक दृश्य ठरले. या यशाची चर्चा पुष्कळ झाली. चित्रपटातील फसवणुकीच्या कथानकाची मात्र त्या मानाने फारच कमी झाली.

रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहा जणींच्या वाट्याला सहा निरनिराळी दुःखे आली आहेत. थोरल्या दोघींत अबोला आहे, कोणाचे गाणे सासरच्या धाकात विरून गेले आहे, कोणावर घर चालविण्याचा भार आहे. सुचित्रा बांदेकर यांनी रंगविलेल्या पल्लवीचा नवरा दुसऱ्या स्त्रीत गुंतला आहे. फुगडी आणि झिम्म्याच्या हशात हे दुःख मध्येच डोकावते आणि प्रेक्षागृह क्षणभर शांत होते. विनोदी चित्रपटाला एवढे साधले, हे थोडे नव्हे.

बहिणी, प्रेम आणि प्रतारणा हे त्रिकूट जगाच्या पडद्याला नवे नाही. वुडी ॲलन यांच्या १९८६ च्या ‘हॅना अँड हर सिस्टर्स’मध्ये तीन बहिणींची कथा ‘थँक्सगिव्हिंग’च्या कौटुंबिक मेजवान्यांभोवती गुंफलेली आहे. तिथे हॅनाचा नवरा तिच्याच बहिणीच्या प्रेमात पडतो, म्हणजे विश्वासघात घरातच घडतो. मराठी चित्रपटात ‘ती दुसरी’ बहिणींच्या रिंगणाबाहेरची आहे. त्यामुळे बहिणींचे नाते अभंग राहते आणि मंगळागौर हे सलोख्याचे निमित्त ठरते. प्रेक्षकाला त्यातून दिलासा मिळतो. पण सर्वांत अवघड प्रश्न त्यामुळेच टळतो, हेही नाकारता येत नाही.

रोहिणी हट्टंगडी यांची कारकीर्द या विषयाचा एक छेदच दाखविते. महेश भट्ट यांच्या ‘अर्थ’मध्ये (१९८२) त्यांनी मोलकरणीची भूमिका केली होती. बाहेरख्याली, दारुड्या नवऱ्याचा ती अखेर जीव घेते. तिची मालकीण परत येऊ पाहणाऱ्या पतीला नकार देते. त्याच वर्षीच्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त घरी परतलेल्या नायिकेला पतीचे अन्य संबंध कळतात आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. त्या नायिका अखेरीस एकट्या उभ्या राहिल्या. एकेचाळीस वर्षांनंतरची पल्लवी एकटी नाही, तिच्या मागे पाच बहिणी आहेत. हा बदल दुबळेपणाचा मानणे अन्यायाचे होईल.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात या बदलाचा अर्थ अधिक नेमका उमगतो. १९९१ मध्ये येथील लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २०११ च्या जनगणनेत ती आठ लाखांवर गेली. मुंबईतील चाळीतली खोली सोडून उत्तरेकडे सरकलेल्या मराठी कुटुंबांचाही या वाढीत वाटा आहे. चाळीत शेजारीण, जाऊ, बहीण हाकेच्या अंतरावर असे. येथे फ्लॅटचे दार लागले की संसार आत आणि दुःखही आत. एक बहीण भाईंदरला, दुसरी डोंबिवलीला, तिसरी पुण्यात अशी विभागणी झाली, की भेट लग्नकार्यापुरती उरते. पश्चिम रेल्वेवर १९९२ मध्ये सुरू झालेल्या महिला विशेष लोकलमधील मैत्रिणींचा गट अनेकींसाठी बहिणींची जागा घेतो, तो त्यामुळेच. भाजी निवडता निवडता जे तेथे बोलले जाते, ते घरात बोलता येत नाही.

तथापि, जिव्हाळ्याने मन सावरते, घरभाडे भरले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केल्यापासून व्यभिचार हा गुन्हा उरलेला नाही. जुन्या कलमानेही फसवल्या गेलेल्या पत्नीला तक्रारीचा अधिकार दिलेला नव्हता. आता हे घटस्फोटाचे कारण आहे. पोटगीची मागणी करता येते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लागू असेल तेथे पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पल्लवीच्या कथेत या वाटा जवळजवळ दिसत नाहीत. कर्जाच्या हप्त्यांवर उभ्या असलेल्या उपनगरातील स्त्रीला मात्र पहिला प्रश्न पडतो तो हाच: घर कोणाच्या नावावर आहे?

आणखी एक मर्यादा आहे. येथे बाहेर प्रेम शोधतो तो पुरुष. पन्नाशीच्या स्त्रीलाही प्रेमाची ओढ असू शकते, ती चुकूही शकते, ही शक्यता हा चित्रपट फारशी तपासत नाही. सहा जणींच्या गर्दीत एखादीला तरी तेवढी मोकळीक देता आली असती.

तरीही या चित्रपटाने एक गोष्ट सिद्ध केली. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया तिकीट काढून येतात, मैत्रिणींना घेऊन येतात आणि स्वतःवर हसण्याची त्यांची तयारी असते. पुढच्या चित्रपटाने त्यांना केवळ नऊवारी आणि नथ देऊन भागणार नाही. त्यांना आता पल्लवीच्या गोष्टीचा पुढचा भाग हवा आहे, आणि मंगळागौर संपल्यावर घरी परतलेली ती किल्ली कोणत्या दाराला लावते, हेही त्यात दिसायला हवे.