विश्वस्त हवा, वसुलीदार नव्हे

बीड जिल्ह्यात कर्ज अनेक वाटांनी घरात शिरते. पावसाने दगा दिला की सावकाराकडून, कोयता घेऊन कारखान्याकडे निघताना मुकादमाच्या उचलीतून, तर कधी छोट्या दुकानाच्या उधारीतून. त्यातून सन्मानाने बाहेर पडण्याची वाट मात्र दिसत नाही. ती वाट दाखविणे हेच नादारी कायद्याचे प्रयोजन आणि विश्वस्त हा त्याचा कणा होय.

संसदेने 2016 साली संमत केलेल्या दिवाळखोरी संहितेत विश्वस्ताची कर्तव्ये नेमकी सांगितली आहेत. दिवाळखोराची मालमत्ता त्याच्याकडे निहित होते. तिचा शोध घेणे, विक्री करणे आणि आलेली रक्कम ठरलेल्या क्रमाने धनकोंमध्ये वाटणे हे त्याचे काम. आप्तांच्या नावे कवडीमोलाने केलेले अलीकडचे व्यवहार रद्द करण्याची मागणी तो करू शकतो. पिळवणुकीच्या कर्जव्यवहारालाही आव्हान देऊ शकतो. मात्र तारण न ठेवलेली उपजीविकेची अवजारे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. धर्माचारानुसार अंगावेगळे करता न येणाऱ्या अलंकारांनाही विहित मूल्यापर्यंत तेच संरक्षण आहे. सर्वसाधारणपणे वर्षभरात ऋणकोला बहुतेक कर्जांतून मुक्ती मिळते.

हा विचार आपल्याला परका नाही. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्राचा. ऋण फेडणे हा धर्म, तसेच ऋणकोस नागविणे हा अधर्म, असा हा समतोल होता. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर इंग्रज सरकारने 1879 साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात नादारीचीही तरतूद होती. शेजारच्या नगर जिल्ह्याला तो लागू झाला. बीड तेव्हा निजामाच्या अमलाखाली होते.

आज सीमा पुसली, उपेक्षा उरली. संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून अमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. अतिलहान कर्जदाराला नवी सुरुवात देणारी तरतूद कागदावरच आहे. तिच्यातही वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000 आणि कर्ज 35,000 रुपयांच्या आत हवे. शिवाय स्वतःचे घर नसावे. गावात पिढीजात घर असलेला शेतकरी येथेच बाद होतो.

कर्जमुक्तीचा मार्ग खुला केल्यास बुडव्यांचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर विश्वस्तच आहे. लबाडाची लपविलेली संपत्ती तोच बाहेर काढतो आणि प्रामाणिक माणसाची अवजारे तोच वाचवितो. मात्र तो धनकोचा वसुलीदार झाला, तर कायद्याचा आत्माच हरपेल.

म्हणून शासनाने हा भाग सर्वसामान्यांसाठी लागू करावा, उत्पन्नाच्या मर्यादा वास्तवाला धरून ठेवाव्यात आणि जिल्हा पातळीवर असे विश्वस्त उपलब्ध करावेत. समाजानेही आपला वाटा उचलावा. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, वकिलांनी आणि सनदी लेखापालांनी कर्जबाजारी कुटुंबाच्या दारी वेळेवर पोहोचावे. हिशेब चुकला म्हणून माणूस टाकाऊ ठरत नाही, हे सांगणारा आवाज त्या घराला सर्वांत आधी ऐकू यायला हवा.